हात लवकर शिकतात, नजर उशिरा

परदेशी निघालेल्या माणसाला व्हिसा, थंडी आणि जेवणाखाण्याची चौकशी झाली की पुढचा प्रश्न गाडीचा पडतो. "इथे वीस वर्षं डावीकडून गाडी चालवली. तिथे सगळं उजवीकडून. जमेल का मला?" प्रोजेक्टवर अमेरिकेला निघालेला इंजिनिअर हे विचारतो, जर्मनीत शिकायला चाललेली मुलगी विचारते, दुबईत नोकरी लागलेला सावंतवाडीचा तरुणही विचारतो. आधी तिकडे गेलेली मंडळी धीर देतात, "अरे, दोन दिवसांत हात बसतो!"

हे खरं आहे. हात लवकर बसतोच. पण गाडी नुसत्या हातांनी चालत नाही, आणि हात बसल्यावर जो निर्धास्तपणा येतो त्यातच बरेचसे धोके दडलेले असतात. म्हणून बाजू बदलली की नेमकं काय काय बदलतं, त्यातलं काय पटकन अंगवळणी पडतं आणि काय रेंगाळतं, हे इथे सुटं सुटं करून पाहू.

१. डावीकडचे देश, उजवीकडचे देश

जगातली साधारण एक-तृतीयांश माणसं डावीकडून वाहतूक असलेल्या देशांत राहतात. आपण आणि पाकिस्तान, नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका हे शेजारी त्यात येतो. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका हेही त्यातलेच. इंग्रजांचं राज्य कधीच नसलेले जपान आणि थायलंडसुद्धा डावीकडचेच. अमेरिका, कॅनडा, चीन, युरोपचा मुख्य भूभाग आणि आखाती देश उजवीकडचे.

यामागे निसर्गाचा कुठलाही नियम नाही. लंडन ब्रिजवरची कोंडी सोडवण्यासाठी १७२२ साली डावीकडून चालण्याचा हुकूम निघाला आणि १८३५ च्या कायद्याने ब्रिटनभर तीच रीत पक्की झाली. अमेरिकेत पेनसिल्व्हानियाने १७९२ साली एका टोल रस्त्यासाठी उजवी बाजू ठरवली. तिथल्या अवजड मालगाड्यांना घोड्यांच्या जोड्या जुंपत आणि हाकणारा मागच्या डाव्या घोड्यावर बसे. समोरून येणाऱ्या गाडीची चाकं आपल्या चाकांना घासत नाहीत ना, हे डावीकडे वाकून पाहणं त्याला सोयीचं जाई. उजव्या बाजूचं हे कारण बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं आणि ते पटण्यासारखं आहे.

एकदा रीत पडली की शेजाऱ्याशी जुळवून घेणं महत्त्वाचं ठरतं. याचं उदाहरण आपल्या गोव्यातच आहे. पोर्तुगालने १९२८ साली उजवी बाजू स्वीकारली, पण गोव्यात वाहतूक डावीकडूनच राहिली, कारण जमिनीच्या सगळ्या सीमांपलीकडे डावीकडून चालणारा ब्रिटिश हिंदुस्थान होता. याउलट म्यानमारने १९७० साली डावीकडून उजवीकडे उडी घेतली. त्यामुळे मणिपूरमधल्या मोरे गावाजवळची सीमा ओलांडली की आजही रस्त्याची बाजू बदलते.

२. चालक मध्याकडे, शेजारचा कडेला

आता गाडीत बसू. आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडे असतं, अमेरिकेत डावीकडे. वरवर पाहता हे उलट वाटतं, पण दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. चालक रस्त्याच्या मध्याकडे बसतो आणि शेजारचा प्रवासी कडेला. पुढच्या गाडीला ओलांडायचं तर समोरून काय येतंय हे आधी दिसायला हवं, आणि ते मध्याकडे बसलेल्याला आधी दिसतं.

ही एक गोष्ट मनात धरली की डाव्या-उजव्याचा अर्धा गोंधळ मिटतो. "मी मध्याकडे, शेजारचा कडेला." या वाक्यात डावं-उजवं येतच नाही, म्हणून ते पुण्यातही लागू पडतं आणि शिकागोतही. अट एवढीच की गाडी त्याच देशाच्या पद्धतीची हवी. ब्रिटनमधली गाडी बोटीने किंवा बोगद्यातल्या रेल्वेने फ्रान्समध्ये नेली, तर चालक कडेला येतो आणि ओव्हरटेक करताना आंधळा होतो. म्यानमारमध्ये बाजू बदलल्यावरही जपानहून आलेल्या उजव्या स्टेअरिंगच्या जुन्या गाड्या वर्षानुवर्षं धावत राहिल्या, तिथे हीच अडचण होती. अमेरिकेतल्या टपाल खात्याच्या अनेक गाड्यांना मात्र मुद्दाम उजवीकडे स्टेअरिंग दिलेलं असतं. पोस्टमनला न उतरता कडेच्या पेटीत पत्र टाकता यावं म्हणून.

बसायची जागा बदलल्याने एक छुपी चूक होते. नवशिक्याची गाडी सतत उजवीकडे सरकत जाते. शेजारी बसलेला माणूस दारापासून आत आक्रसून "जरा डावीकडे घे, डावीकडे घे" म्हणत राहतो आणि चालवणाऱ्याला वाटतं, आपण तर बरोबर मधोमध आहोत.

असं का होतं, ते छोट्या हिशेबाने पाहू. अमेरिकेतल्या हमरस्त्यावर एका लेनची रुंदी १२ फूट असते. गाडी ६ फूट रुंद धरू. गाडी बरोबर मधोमध असली तर दोन्हीकडे तीन-तीन फूट जागा उरते. चालक गाडीच्या मध्यरेषेपासून साधारण सव्वा फूट बाजूला बसतो. भारतात तो लेनच्या मध्यापासून सव्वा फूट उजवीकडे असतो आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने "माझी जागा इथे" हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. अमेरिकेत तो गाडीच्या डाव्या भागात बसतो, पण नकळत स्वतःला लेनमधल्या त्याच जुन्या जागी आणतो. म्हणजे त्याचं शरीर मध्यापासून सव्वा फूट उजवीकडे आणि गाडीचा मध्य त्याच्याही उजवीकडे आणखी सव्वा फूट. गाडी एकूण अडीच फूट सरकली. उजवीकडच्या तीन फुटांपैकी उरला फक्त अर्धा फूट! कडेला उभ्या गाड्या असतील तर त्यांचे आरसे गेलेच.

उपाय सोपा आहे. बोनेटकडे पाहून गाडी नेमायची नाही. नजर दूर, आपल्या लेनच्या मध्यावर ठेवायची आणि मधूनमधून दोन्ही बाजूंच्या आरशांत लेनच्या रेषा सारख्या अंतरावर दिसतात का, ते पाहायचं. बहुतेकांची ही चूक काही तासांच्या सरावात सुटते.

३. हातापायांचं काय?

पायांना काहीच नवं शिकायचं नसतं. क्लच डावीकडे, ब्रेक मध्ये, अ‍ॅक्सिलरेटर उजवीकडे, हा क्रम जगभर एकच. गिअरचा नकाशाही तोच, पहिला गिअर डावीकडे वर. फक्त तो टाकायचा उजव्या हाताने. अमेरिकेत भाड्याच्या जवळपास सगळ्या गाड्या ऑटोमॅटिक असल्याने तोही प्रश्न उरत नाही. युरोपात मात्र गाडी ठरवतानाच ऑटोमॅटिक मागून घ्यावी. चार पैसे जास्त पडले तरी चालतील. पहिल्या आठवड्यात लक्षाचा एक कणही गिअरवर खर्च होऊ नये.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे आणि वायपरची डावीकडे असते, तिकडे उलट. त्यामुळे वळताना कोरड्या काचेवर वायपर फिरू लागतात. हे होणारच. त्याने कुणाला इजा होत नाही आणि ते आपोआप सुटतं.

४. खरी अडचण नजरेची

स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा आठवा. कुणी तुमच्या नकळत मोहरी आणि जिऱ्याच्या वाट्यांची अदलाबदल केली, तर डब्यात पाहून घेताना तुम्ही चुकणार नाही. पण तेल तापलंय, दारावरची बेल वाजतेय, अशा घाईत हात मोहरीच्या जुन्या जागी जातो आणि जिरं उचलतो. कारण कुठली वाटी कुठे आहे हे ज्ञान बोटांत उतरलेलं असतं, ते दर वेळी विचारातून येत नाही.

गाडी चालवण्याचं कौशल्यही असंच थरांनी बसलेलं असतं. सगळ्यांत वर बेत, म्हणजे कुठल्या रस्त्याने जायचं. त्याखाली डावपेच, म्हणजे कुठली लेन, कधी वळायचं, कुणाला आधी जाऊ द्यायचं. सगळ्यांत खाली हातापायांची हालचाल. खालचा थर सतत वापरात असतो आणि चूक झाली की लगेच कळते, म्हणून तो भराभर दुरुस्त होतो. मधल्या थरात मात्र एक मोठं गृहीतक असतं, धोका कुठून येणार याचं. आपली नजर रस्ताभर सारखी फिरत नाही. जिथून काही येण्याची अपेक्षा आहे, तिथेच ती आधी जाते, आणि अपेक्षा नसलेल्या दिशेकडे पाहूनही कधीकधी दिसत नाही. वर ही चूक दर वेळी उघडी पडत नाही. चुकीच्या बाजूला पाहिलं आणि योगायोगाने दुसरीकडून गाडी नव्हती, तर आपण चुकलो हे कळतच नाही. म्हणून नजर उशिरा शिकते.

याचा फटका पायी चालणाऱ्यालाही बसतो. १३ डिसेंबर १९३१ रोजी विन्स्टन चर्चिल न्यूयॉर्कमध्ये होते. रात्रीच्या वेळी फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर ते टॅक्सीतून रस्त्याच्या मध्याजवळ उतरले आणि पुढचा अर्धा रस्ता ओलांडू लागले. इंग्लंडमध्ये या टप्प्यावर गाड्या डावीकडून येतात, म्हणून त्यांनी डावीकडे पाहिलं. गाडी आली उजवीकडून. त्यांना चांगलाच मार लागला आणि रुग्णालयात राहावं लागलं. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की धोका फक्त डावीकडूनच आहे, असं त्यांनी धरून चाललं होतं. उलट बाजूच्या देशांतून येणाऱ्यांसाठी लंडनच्या रस्त्यांवर पाय ठेवायच्या जागीच "उजवीकडे पाहा" असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं. पाहुण्याच्या नजरेला योग्य जागी वळवणारी ही सूचना मला फार शहाणपणाची वाटते.

तेव्हा परदेशात गाडी हाती घेण्याआधी दोन-तीन दिवस पायी फिरा. रस्ता ओलांडताना पहिली गाडी डावीकडून येते, हे शरीराला कळू द्या. बसमध्ये चालकाच्या मागच्या सीटवर बसून तो वळताना कुठे पाहतो, ते पाहा. हा सराव फुकटचा आहे आणि सुरक्षितही.

५. वळणं

आपल्याकडे डावं वळण सोपं. कडेला धरून हळूच वळायचं. उजवं वळण अवघड, कारण समोरून येणाऱ्यांना छेदून जावं लागतं. उजवीकडच्या देशांत हे बरोबर उलटतं. उजवं वळण लहान आणि सोपं, डावं वळण लांब आणि जोखमीचं.

समजा, तुम्ही कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या चौकात आहात आणि डावीकडे वळायचंय. डावीकडच्या लेनमध्ये येऊन थांबलात. सिग्नल हिरवा झाला. नुसता गोल हिरवा असेल तर समोरून सरळ येणाऱ्यांचा हक्क आधी, ते जाईपर्यंत थांबायचं. डाव्या बाणाचा हिरवा लागला असेल तर समोरच्यांना थांबवलेलं आहे. आता निघालात. भारतातली सवय सांगेल, डावीकडे वळायचंय ना, मग डावा कोपरा धर. तसं केलंत तर थेट समोरून येणाऱ्यांच्या लेनमध्ये घुसाल! चौकात पुढे जाऊन, दुभाजकाला वळसा घालून, पलीकडच्या बाजूला शिरायचं. वळण पूर्ण झाल्यावर एकच तपासणी करायची. दुभाजक किंवा मधली रेषा माझ्या खांद्याजवळ आहे का?

इथे अमेरिकेतल्या रस्त्यांचे रंग फार मदतीला येतात. समोरासमोरच्या वाहतुकीला वेगळं करणारी रेषा पिवळी असते, एकाच दिशेच्या लेन वेगळ्या करणारी पांढरी. म्हणजे रस्ता दोन्ही दिशांचा असेल तर पिवळी रेषा कायम तुमच्या डाव्या हाताला हवी. ती उजवीकडे दिसली, किंवा आपल्या बाजूला उभ्या केलेल्या सगळ्या गाड्यांची तोंडं आपल्याकडे दिसली, तर ताबडतोब वेग कमी करा. तुम्ही चुकीच्या बाजूला आहात. अनेक हमरस्त्यांवर जमिनीत बसवलेले परावर्तक उलट दिशेने येणाऱ्याला लाल दिसतील असे लावलेले असतात, तीही खूण ओळखून ठेवा.

गोल चौकात आपण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, तिकडे विरुद्ध दिशेने. शिरताना डावीकडे पाहायचं, कारण आत फिरणाऱ्या गाड्या तिकडून येतात.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाल सिग्नल असतानाही, पूर्ण थांबून आणि रस्ता मोकळा पाहून, उजवीकडे वळता येतं. मनाई असेल तिथे तशी पाटी असते. न्यूयॉर्क शहरात मात्र परवानगीची पाटी असल्याशिवाय असं वळता येत नाही. नव्या माणसाने ही सवलत सुरुवातीला वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्याने हॉर्न दिला तरी थांबून राहा. त्या वळणावर डावीकडून गाड्या येतात आणि उजवीकडून पायी माणसं. एवढ्या दोन नजरा एकदम सांभाळायला अजून वेळ आहे.

६. रिकामा रस्ता

नवखा माणूस गर्दीला घाबरतो. पण बाजूच्या बाबतीत गर्दी मदतच करते. पुढची गाडी जिथे जाते तिथे आपण जातो, समोरच्या गाड्या आपली जागा दाखवून देतात. चूक होते ती रस्ता रिकामा असताना. पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, पार्किंगमधून निघताना, एकेरी रस्ता संपून दुहेरी सुरू होताना, यू-टर्न घेतल्यावर, किंवा दोन्हीकडे फक्त शेतं असलेल्या गावाकडच्या अरुंद रस्त्यावर. तिथे बाजूची आठवण करून देणारं काहीच नसतं आणि मिसळणाच्या डब्यासारखी जुनी जागा पुढे येते.

इंग्लंडमध्ये क्रॉटन इथे अमेरिकी हवाई दल वापरत असलेला एक तळ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये काही आठवड्यांपूर्वीच तिथे राहायला आलेली एक अमेरिकन महिला संध्याकाळी तळाबाहेर पडली आणि सवयीने उजव्या बाजूने गाडी चालवत गेली. समोरून आपल्या योग्य बाजूने येणारा १९ वर्षांचा मोटरसायकलस्वार त्या धडकेत दगावला. २०२२ मध्ये तिने लंडनच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. तिला गाडी चांगली चालवता येत होती. तिथे पहिला दिवसही नव्हता. फाटकातून बाहेर पडल्यानंतरचा रिकामा रस्ता आणि जुनी सवय, एवढ्यावर एका तरुणाचा जीव गेला.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट ओशन रोडवर आणि न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या पर्यटन मार्गांवर पाहुण्यांसाठी "डावीकडून चालवा" असे फलक आणि बाण रंगवलेले असतात ते याच कारणासाठी. निसर्ग पाहायला उतरलेला माणूस परत गाडीत बसतो, तो क्षण नाजूक असतो.

७. एक अख्खा देश बाजू बदलतो

स्वीडनमध्ये वाहतूक डावीकडून होती, पण शेजारचे नॉर्वे आणि फिनलंड उजवीकडचे. बहुतेक स्वीडिश गाड्यांचं स्टेअरिंगही डावीकडेच होतं, म्हणजे चालक कडेला बसायचा. १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के लोकांनी बदल नाकारला. तरीही १९६३ साली संसदेने तो ठरवला आणि मानसशास्त्रज्ञांच्या सल्ल्याने प्रचार सुरू झाला. दुधाच्या खोक्यांवरही त्याचं बोधचिन्ह छापलं गेलं. ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे, रस्त्यावर असलेल्या मोजक्या गाड्या ४ वाजून ५० मिनिटांनी थांबल्या, सावकाश दुसऱ्या बाजूला गेल्या, पुन्हा थांबल्या आणि ५ वाजता उजवीकडून निघाल्या.

सगळ्यांना भीती होती अपघातांच्या लाटेची. घडलं उलटं. सुरुवातीला अपघात कमी झाले, कारण प्रत्येक जण डोळ्यांत तेल घालून, कमी वेगाने चालवत होता. पुढे लोक सरावले, सैलावले आणि दोन वर्षांच्या आत आकडे पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आले. मला या सगळ्या कथेत हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. नव्या बाजूची भीती माणसाला काही काळ सांभाळते. ती गेल्यानंतरचे दिवस जपायचे असतात.

८. सराव आणि कागदपत्रं

लांबच्या विमानप्रवासानंतर विमानतळावरच गाडी ताब्यात घेऊ नका. एक रात्र झोपा. पहिला सराव रविवारी सकाळी, रिकाम्या पार्किंगच्या जागेत. मग चार रस्त्यांमधल्या इमारतींच्या एका चौकोनाभोवती फक्त उजवी वळणं घेत फेऱ्या मारा. ते जमलं की डाव्या बाणाचा सिग्नल असलेले चौक, आणि त्यानंतरच बाणाविना डावं वळण. शेजारी बसणाऱ्याला एकच काम द्या. गाडी थांबून पुन्हा निघाली की त्याने दर वेळी विचारायचं, "तू मध्याकडे आहेस ना?" इतर सूचना त्याने देऊ नयेत. तुम्ही एकटे असाल तर मोठ्याने स्वतःलाच विचारा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हे विचारणं बालिश वाटू लागेल, तेव्हाही ते सोडू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतातलं लायसन्स दाखवून आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मिळतं. ते एक वर्ष चालतं आणि मूळ लायसन्स सोबत असल्याशिवाय त्याला अर्थ नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात. कॅलिफोर्नियात कायम राहायला गेलात तर दहा दिवसांत तिथलं लायसन्स काढणं अपेक्षित आहे. जर्मनीत रहिवासी झाल्यापासून सहा महिने भारतीय लायसन्स चालतं, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. या परीक्षांना ओझं समजू नका. परीक्षक तुमचे हात पाहत नाही. तुम्ही मान कुठे वळवता, आरशात कधी पाहता हे पाहतो, आणि तुम्हाला शिकायचं आहे तेही तेच.

सुट्टीवर भारतात परत येताना हा सगळा क्रम पुन्हा उलटा सुरू होतो, आणि "ही तर आपलीच बाजू" या भरवशामुळे तिथे तयारी कुणीच करत नाही. मुंबईला पहाटे उतरून, झोप झालेली नसताना, मोकळ्या द्रुतगती मार्गाने पुण्याला स्वतः गाडी चालवत निघण्याचा बेत आखू नका. ड्रायव्हर ठेवा किंवा भावाला बोलवा. दुसऱ्या दिवशी घरचं कुणीतरी शेजारी बसवून सोसायटीच्या आवारातून सुरुवात करा, आणि पहिले काही दिवस प्रत्येक वळणानंतर दुभाजक उजव्या खांद्याशी आहे का, हे मुद्दाम पाहत जा.